जावयाला आडवं कोण जाणार?

“अवं उभी राय! उभी राय म्हनतो ना तुले! हटू नोको, हटू नोको... हटली! हटली ना बाप्पा पोट्टी!”

हा आवाज माझा. अमरावतीतल्या एका शाळेच्या सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टाबाहेर, तारेची जाळी दोन्ही हातांनी धरून मी पिंजऱ्यातल्या अस्वलासारखा ओरडत होतो. आत माझी मुलगी श्रावणी चेंडू घ्यायला वळली होती. तिच्या मागावर असलेल्या मुलीच्या वाटेत खांबासारखं उभं राहायचं, एवढंच काम दोन वेण्यांच्या एका पोरीकडे होतं. पण समोरची अंगावर येताना दिसली आणि ही पोरगी चक्क बाजूला झाली. बाजूला होऊन “सॉरी ताई” म्हणाली. वर हातानं वाट दाखवली, मांडवाच्या दाराशी पाहुण्यांना आत घेतात तशी. ताई त्या वाटेनं आली, श्रावणीच्या हातात येऊ घातलेला चेंडू तिनं मधेच उचलला आणि पलीकडच्या रिंगमध्ये टाकूनही आली.

खेळाच्या मॅडमनी शिट्टी वाजवली. मला वाटलं, त्या पोरीला काही सांगतील. त्या जाळीपाशी आल्या आणि म्हणाल्या, “श्रावणीचे बाबा, तुम्ही जरा त्या कडुनिंबाखाली बसता का?”

कडुनिंबाखाली गजा आधीच बसला होता. गजा म्हणजे गजानन, माझ्याच गावचा, माझ्याच वयाचा. सोयाबीनची गाडी घेऊन अमरावतीच्या बाजार समितीत आला होता. नंबर लागायला दुपार होणार होती, म्हणून माझ्यासोबत सामना पाहायला आला. कागदाच्या पुडीतले फुटाणे खात तो निवांत बसला होता.

“पाह्यलं?” मी म्हणालो. “तुयीच चेली हाय थे. ‘या, या, जा बाप्पा तुमी.’ तुयाच शाळेतली.”

गजानं एक फुटाणा तोंडात टाकला. गेली वीस वर्षं मी हे वाक्य या ना त्या रूपात त्याला ऐकवतो आहे, आणि गेली वीस वर्षं तो काही ना काही चावतो आहे.

दसरा-दिवाळीच्या मधला हा ऋतू दरवर्षी माझं डोकं असंच फिरवतो. हवेत कुटाराची, म्हणजे सोयाबीनच्या मळणीतल्या भुश्याची, धूळ असते. शहरात राहूनही ती मला कळते, कारण गावाकडून येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या कॉलरमध्ये ती बसून येते. नाक चुरचुरतं, मान खाजते, दुपारचं ऊन पाठीत सळई खुपसल्यासारखं लागतं आणि संध्याकाळी एकदम गारवा सुटतो. लोकांना या दिवसांत फराळाचे वास आठवतात. मला आठवतं अकोल्याचं एक तापलेलं सिमेंट, रबराच्या चेंडूचा करपट वास, आणि एक पास. तो पास अजून हवेतच आहे असं मला वाटतं. कधी कधी रस्त्यानं चालताना मी उगाच मान वाकवतो.

नांदगाव खंडेश्वरच्या पलीकडे आमचं गाव. तिथून मी आणि गजा अमरावतीला कॉलेजात शिकायला आलो. शिकलो किती, हा वेगळा विषय. गजाची रुंदी पाहून वानखडे सरांनी त्याला प्रवेशाच्या रांगेतूनच मैदानावर नेलं. हा गजा असा की तो उभा राहिला तर त्याच्या सावलीत दोन म्हशी आणि एक पारडू आरामात बसेल, आणि तरी थोडी सावली उरेल. मी त्याच्या उलट. साडेपाच फुटांत बसणारा, पण लांबून चेंडू टाकला की जाळीत. हे मी सांगतो म्हणून खरं धरू नका. पण त्या काळी मी ओळीनं चाळीस टाकले होते हे सांगणारे दोन जण अजून जिवंत आहेत. त्यातला एक मी.

तिसरा इरफान. अमरावती शहरातला, किडकिडीत, डोक्याच्या मागेही डोळे असलेला. चेंडू खेळवायचा तो, पास द्यायचा तो.

वानखडे सर म्हणजे नुसती शिट्टी. सरांनी अमरावतीत शिट्टी मारली की बडनेऱ्याला थांबलेली मालगाडी सुटायची आणि गार्डवर चौकशी बसायची. त्या सरांनी आमच्यासाठी, खरं तर माझ्यासाठी, एक चाल बसवली होती. माझ्यासारख्या बुटक्याला समोर माणूस असताना चेंडू टाकता येत नाही. तो वरच्या वर झोडपतात. म्हणून एकाच्या मोजणीला गजानं जाऊन माझ्या राखणदाराच्या वाटेत उभं राहायचं. हात छातीशी, पाय जमिनीत. धक्का द्यायचा नाही, हलायचं नाही, फक्त असायचं. याला स्क्रीन म्हणतात. दोनच्या मोजणीला मी गजाच्या खांद्याला खांदा घासत वळून बाहेर निसटायचं. माझ्या मागे येणारा गजावर आपटतो. आणि तीनला इरफानचा पास.

यातली सगळ्यात अवघड गोष्ट तिसरी. सर सांगायचे, “पास मोकळ्या मानसाले देत नसतात रे. मोकळा झालेला मानूस सगळ्याइले दिसते, समोरच्यालेई. जिथी तो मोकळा होनार हाय त्या जागेवर बॉल आधी सोडा लागते.” म्हणजे मी तिथं नसतानाच चेंडू तिथं निघालेला असणार. केवढा हा विश्वास! लग्नाच्या गाठीसुद्धा इतक्या विश्वासानं बांधत नाहीत. आधी माणूस पाहून घेतात.

पण एक, दोन, तीन हे आकडे आमच्या वऱ्हाडात या क्रमानं येतच नाहीत. आमच्याकडे ‘येऊन राहिलो ना’ याचा अर्थ माणूस अजून आंघोळीला बसायचा आहे. दोनला मी निघालो की गजा एकला निघायचा. कधी तो वेळेवर पोचला तर त्याच आनंदात दोन पावलं पुढे सरकायचा, आणि हलता खांब म्हणून फाऊल. आणि सगळं जमून एखाद्यानं रिंगखाली चेंडू मिळवलाच, तर आग्रह सुरू. “टाक बे.” “नाई बे, तू टाक.” “तू जवळ हायेस ना.” “तुया हात चांगला हाय.” पंगतीत शेवटची जिलेबी फिरते तसा चेंडू पाचही जणांत फिरायचा, आणि कोणाच्या तरी ताटात पडायच्या आत शिट्टी. सर कपाळाला हात लावून खाली बसायचे. सरांचं कपाळ पुढे टक्कल म्हणून ओळखलं गेलं, पण ती मूळची हातानं झिजलेली जागा.

त्या साली सोयाबीनच्या सोंगणीला, म्हणजे कापणीला, गावात माणूस मिळेना. गजा आणि मी चार दिवस कॉलेज बुडवून वावरात होतो. सोयाबीनचा हिशोब घड्याळापेक्षा कडक. दोन दिवस आधी सोंगलं तर दाणा हिरवा, दोन दिवस उशीर झाला तर शेंगा उन्हात तडतड फुटून दाणे मातीत. हे वऱ्हाडातल्या शेंबड्या पोराला कळतं. आम्ही सुडीवरून, रचलेल्या ढिगावरून, पेंढ्या उचलून मळणीयंत्राला देत होतो. मी गजाकडे फेकायचो, गजा न पाहता झेलायचा आणि यंत्राच्या तोंडाशी उभ्या असलेल्या त्याच्या काकाकडे द्यायचा. पेंढी मागून पेंढी, अंतर सारखं, एक चुकत नव्हती, एक पडत नव्हती. तेवढ्यात वावराच्या धुऱ्यावर स्कूटर थांबली. सर आम्हाला पकडून न्यायला आले होते. ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवून पंधरा मिनिटं पाहत राहिले. त्या तोंडात बरंच कुटार गेलं असणार.

यंत्र थांबल्यावर सर म्हणाले, “गजा, इथी कसं जमते बे तुमाले?”

“सर, इथी चुकलं तं हात जाते.”

“आन् तिथी माही इज्जत जाते, त्याचं काय?”

गजानं विचार केला. “हात पुन्हा येत नाई ना, सर.”

त्याच संध्याकाळी, स्कूटरला किक मारता मारता सरांनी मला बाजूला घेतलं. फायनल अकोल्याला होणार होती आणि तिथं विद्यापीठाचा संघ निवडणारे बसणार होते. माझं ते शेवटचं वर्ष. पुढच्या साली वयात बसत नव्हतो. “फायनलमधी बाहेरून चार-पाच टाकले ना, तं तुया कलर पक्का,” सर म्हणाले. कलर म्हणजे विद्यापीठाकडून खेळण्याचा मान, आणि छातीवर बिल्ला शिवलेला तो निळा कोट. आमच्या गावात तोपर्यंत कोट असा एकच, तो नवरदेव आळीपाळीनं घालत. मी दुसऱ्याच दिवशी अमरावतीला टेलरकडे जाऊन माप देऊन आलो. टेलरनं विचारलं, कापड कुठं आहे? म्हटलं, येऊन राहिलं.

तर असं सगळं जुळून येत असताना, फायनलच्या पंधरा दिवस आधी, गजाच्या काकाच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. मुलगा अकोल्याकडचा, शारीरिक शिक्षणाचा कोर्स करणारा, उंच, शांत. नाव प्रवीण. पूर्ण गाव वाढायला उभं होतं. गजानं त्याच्या पानात बुंदी वाढली, मी मठ्ठा वाढला. गावाचा जावई म्हणजे कोणा एका घराचा जावई नसतो. त्याच्यासमोर म्हातारे डोक्यावरची टोपी नीट करतात, म्हशीसुद्धा वाट सोडतात. काकानं गजाला बजावलं होतं, “लग्न होयेपर्यंत सांभाळ. पावन्याले कोनाचा धक्का नाई लागला पायजे.” काका मांडवातल्या गर्दीबद्दल बोलत होता.

पंधरा दिवसांनी अकोल्याच्या कोर्टावर आम्ही उतरलो. ऑक्टोबरची दुपार, सिमेंटवर पापड टाकला असता तर भाजून कुरकुरीत झाला असता. समोरचा संघ ओळीत आला. त्यांच्यातला पाच नंबरचा उंच, शांत माणूस थेट माझ्यापाशी येऊन उभा राहिला. माझा राखणदार.

“अबे,” गजा माझ्या कानाशी पुटपुटला, “जवाई!”

पुढे जे झालं ते बास्केटबॉलच्या कोणत्याही पुस्तकात नाही. एक! गजा वेळेवर जाऊन उभा राहायचा, तेवढं मळणीनं शिकवलं होतं. दोन! मी त्याला घासून वळायचो. प्रवीण माझ्या मागे झेपावायचा, आणि गजा, दोन म्हशी आणि एका पारड्याच्या सावलीचा मालक, दार उघडावं तसा बाजूला सरकायचा. एकदा तर त्यानं मान किंचित लववली. मी वळून पाहतो तर जावई माझ्या नाकासमोर. इरफानचा पास यायचा, प्रवीण तो झोडपायचा.

एकदा, दोनदा, सहादा. इरफान पाणी प्यायला आला तेव्हा त्यानं अर्धी बाटली डोक्यावर ओतली. “यार, तुम लोग मॅच खेल रहे हो या रिश्ता जोड रहे हो?”

“जोडून झाला हाय,” गजा म्हणाला. “थोच तं प्रॉब्लेम हाय.”

मी गजाची कॉलर धरली. “माया कलर चालला ना बे भैताडा! उभं तं राहाचं हाय नुसतं! धक्का थोडी द्याचा हाय!”

“तो येऊन आपटला आन् त्याचा पाय मोडला म्हंजे? काकाले काय सांगू? पत्रिका छापाले टाकल्या हायेत.”

“मी असतो ना तुया जागी,” मी म्हणालो, आणि हे वाक्य आजूबाजूला सगळ्यांनी ऐकलं, “मी असतो तं जवाई पाह्यला नसता का सासरा. तुडवून गेलो असतो.”

गजा तेव्हा खारे शेंगदाणे चावत होता.

इथून पुढची गोष्ट मी वीस वर्षं सांगत आलो आहे. लग्नांत सांगितली, हुरड्याच्या पार्ट्यांत सांगितली, मोझरीला जाताना बंद पडलेल्या बसमध्ये चाळीस प्रवाशांना सांगितली. एका गुणानं आम्ही मागे, शेवटचे दहा सेकंद, मी वळलो, गजा हटला, जावई आला, संपलं. श्रोते पाहून मी थोडं वाढवतो. कधी गजा हटताना ‘या बसा’ म्हणतो. एकदा मी त्याच्या हातात पानसुपारीचं तबकही दिलं होतं. लोक पोट धरून हसतात, गजाकडे पाहतात, गजाही थोडं हसतो. दर वेळी तो तिथंच असतो. दर वेळी त्याच्या तोंडात काहीतरी असतं.

त्या साली कलर मिळाला तो प्रवीणला. गावानं जावयाला केलेला सगळ्यात मोठा आहेर तोच.

तर त्या सकाळी कडुनिंबाखाली बसून मी तीच गोष्ट तोंडात घोळवत होतो, की आत काहीतरी झालं. दोन वेण्यांची पोरगी परत श्रावणीसाठी जाऊन उभी राहिली. हात छातीशी, पाय जमिनीत, डोळे घट्ट मिटलेले. समोरची ताई धावत आली आणि धप्पकन तिच्यावर आपटली. पोरगी हलली नाही. श्रावणी मोकळी. पास आला, तिनं टाकला. चेंडू रिंगला लागून बाहेर पडला, ती गोष्ट सोडा. पण टाकला. मागे वळून कोणाकडे पाहिलं नाही.

सामना संपल्यावर श्रावणी घामेजलेली आमच्यापाशी आली, गजाकाकाच्या पुडीतले फुटाणे घेतले आणि हसत म्हणाली, “काका, आमची स्वरा बघा, हटली नाही. तुम्ही का हो हटत होता शेवटी?”

पोरीनं सहज विचारलं. मी तिला ही गोष्ट झोपताना सांगायचो ना. राजा-राणीच्या जागी गजाकाका आणि जावई. गजानं तोंडातला फुटाणा पूर्ण चावून संपवला. वीस वर्षांत पहिल्यांदा त्याचं तोंड रिकामं झालेलं मी पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता. रागानं नाही. पेंढी फेकल्यावर झेलणाऱ्याकडे पाहतात, तसा.

च्यायला, आता सांगावंच लागणार. इतकी वर्षं जपून ठेवलेली, तेलपाणी केलेली गोष्ट एका फुटाण्यापायी गेली.

शेवटचे दहा सेकंद होते, आम्ही एका गुणानं मागे होतो, इथपर्यंत सगळं खरं. सरांनी वेळ मागून आम्हाला जवळ बोलावलं. सर ओरडले नाहीत. त्यांनी फक्त गजासमोर हात जोडले. त्या शिट्टीच्या माणसाचे ते जोडलेले हात पाहून गजाचा चेहरा असा झाला, की त्याला कोणी विहिरीत उतरायला सांगितलं आहे. तो म्हणाला, “लावतो सर.” मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “तू फक्त टाक.”

एक. गजा गेला आणि उभा राहिला. तसा उभा राहिलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. नांदगावच्या देवळाचे दगडी खांब त्याच्यापुढे हलते वाटले असते. दोन. मी घासून वळलो. मागे धप्प आवाज आला, धान्याचं पोतं गाडीतून पडावं तसा. शिट्टी वाजली नाही, कारण गजा केसभर हलला नव्हता; तो निर्मळ, कायदेशीर, वेळेवर लागलेला स्क्रीन होता. समोर माझ्यासाठी संपूर्ण अकोला मोकळं होतं. निवडणारे खुर्चीत पुढे सरकले. आणि तीन. इरफाननं न पाहता चेंडू सोडला, मी जिथं असणार होतो त्या जागेवर.

फक्त मी तिथं नव्हतो. तो धप्प आवाज ऐकून माझे पाय आपोआप मागे फिरले होते. जावई पडला होता! गावाचा जावई, ज्याला मी मठ्ठा वाढला होता, सिमेंटवर उताणा पडला होता. मी वाकलो, हात पुढे केला आणि माझ्या तोंडून निघालं, “लागलं काय जवाईबुवा?”

कानाजवळून काहीतरी सूं करत गेलं. मग शेवटची शिट्टी.

प्रवीण पडल्या पडल्या माझ्या हाताकडे पाहत होता, मग माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत म्हणाला,

“भाऊ, बॉल तुमच्या मांगं गेला.”